तुम्ही विचारलंत म्हणून: वित्र (रात्रीची नमाज, जिच्या रकाती म्हणजे फेऱ्या विषम असतात) पढून झोपलो आणि तहज्जुदला (झोपेतून उठून पढायच्या रात्रीच्या ऐच्छिक नमाजेला) जाग आली, तर वित्र पुन्हा पढायची का?

नाही. तहज्जुद दोन-दोन रकात करून खुशाल पढा, वित्र मात्र पुन्हा पढू नका. एका रात्रीत दोन वित्र नाहीत, असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) स्पष्ट आलं आहे. हिशेबही तसाच आहे: तीन आणि तीन सहा, म्हणजे सम झालं.

गोंधळ होतो तो दुसऱ्या हदीसमुळे: रात्रीच्या नमाजेचा शेवट वित्रने करा. ते उत्तमच आहे, पण वित्रनंतर नफिल (ऐच्छिक नमाज) बंद असा त्याचा अर्थ नाही. पैगंबर (स.) वित्रनंतर बसून दोन रकात पढल्याचं सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात त्यांच्या पत्नी हजरत आयशांकडून आलं आहे.

मग आधी पढावी की मागे ठेवावी? वित्रची वेळ इशाच्या (रात्रीच्या नमाजेच्या) फर्ज म्हणजे अनिवार्य रकातींनंतर सुरू होते आणि सुबह सादिकपर्यंत (पहाट फुटेपर्यंत) असते. उठण्याची पक्की सवय असेल तर रात्रीचा शेवटचा भाग अफजल, म्हणजे अधिक चांगला. नसेल तर झोपण्याआधीच पढा. नुसत्या अलार्मच्या भरवशावर वित्र ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

हनफी मसलकात (इस्लामी विधींच्या एका परंपरेत) वित्र वाजिब, म्हणजे फर्जखालोखाल बंधनकारक आहे. तीन रकात, दुसऱ्या रकातीनंतर अत्तहियात (बैठकीतली दुआ) म्हणायला बसायचं आणि नमाज संपवणारा सलाम तिसऱ्या रकातीच्या शेवटीच. चूक होते ती तिसऱ्या रकातीत. मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या नमाजेच्या) तिसऱ्या रकातीत फक्त फातिहा (कुरआनचा पहिला अध्याय) असते, त्या सवयीने माणूस फातिहा संपताच रुकूत जातो, म्हणजे कमरेत वाकतो. वित्रमध्ये तिसऱ्या रकातीतही फातिहानंतर सूरह (कुरआनचा आणखी एखादा अध्याय) हवी. सूरह झाली की ‘अल्लाहु अकबर’ म्हणत हात कानांपर्यंत न्यायचे, पुन्हा बांधायचे, दुआ-ए-कुनूत (वित्रमधली खास प्रार्थना) हळू आवाजात म्हणायची आणि मग रुकू. कुनूत राहिली आणि रुकूत आठवली, तर परत उभं राहायचं नाही; नमाज पुढे न्यायची आणि शेवटी सजदा-ए-सहू (चुकीची भरपाई म्हणून जमिनीवर दोनदा माथा टेकणं) करायचा. कुनूत अजून पाठ नसेल तर ‘रब्बना आतिना फिद्दुनिया’ ही दुआ म्हणा, पण तेवढ्यावर थांबू नका, पाठ करत राहा.

शाफई या दुसऱ्या मसलकात वित्र सुन्नते मुअक्कदा (आवर्जून पढायची, पण बंधनकारक नसलेली) आहे: कमीत कमी एक रकात, जास्तीत जास्त अकरा. तीन पढायच्या तर दोनवर सलाम फिरवून एक वेगळी पढणं बेहतर. कुनूत रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यात, तीही शेवटच्या रकातीत रुकूतून उठल्यावर. शेजारचा माणूस असं पढताना दिसला तर त्याला टोकू नका, त्याची नमाज बरोबरच आहे.

आणि झोप लागून वित्र राहूनच गेली तर? हनफींवर कजा (वेळ टळल्यावर ती भरून काढणं) वाजिब आहे. फजरचा (पहाटेच्या नमाजेचा) वक्त शिल्लक असेल तर फजरच्या फर्जआधीच ती पढून घ्या, कुनूतसकट.