कॅमेरा बॅग घेताना लिटर बघू नका, जाडी बघा (प्रवासातून आल्या आल्या लिहितोय)

कॅमेऱ्याच्या बॅगेवर 3 लिटर, 6 लिटर, 10 लिटर असं लिहिलेलं असतं ना, त्यावर जाऊन बॅग घेऊ नका. जाडी बघा. बोट, बस, ट्रेन, पायपीट असा लांबचा प्रवास करून नुकताच आलोय, डावा खांदा अजून भरलेलाच आहे, आणि आधी हे लिहून टाकतोय कारण जायच्या आधी मी जे जे वाचलं त्यात ही एवढी साधी गोष्ट कुणी सांगितली नव्हती, सगळे आपले "6 लिटरमध्ये बसतं का" यातच अडकलेले.

हे कुणासाठी आहे ते सांगतो. एक बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), एखाद-दोन छोट्या लेन्स, दिवसभर चालायची सवय, आणि कॅमेरा आहे हे सगळ्या जगाला कळू नये एवढीच अपेक्षा. माझ्याकडे फुजीची एक्स-टी5 होती, बॅटरी-कार्डासकट 557 ग्रॅम, 35 एमएम एफ/2 लेन्स 170 ग्रॅम आणि 23 एमएम एफ/2 लेन्स 180 ग्रॅम. म्हणजे मुख्य सामान एक किलोच्या आत, वर दोन जादा बॅटऱ्या, चार्जर, फडकं. एवढ्याला खरंतर मोठी बॅग लागूच नये.

बॅग कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, पण वर्णनात 'डिस्क्रीट' (म्हणजे कुणाच्या नजरेत न भरणारी), 'लो प्रोफाइल', 'अंगाला चिकटून बसणारी' असे सगळे शब्द होते आणि जाडी 11 सेंटीमीटर दिली होती. ती जाडी आतली निघाली! दोन्ही बाजूंचं पॅडिंग, पुढचा खिसा आणि त्या खिशात चार्जर-बॅटऱ्या टाकल्यावर बाहेरून फुटपट्टी लावली तर 17 सेंटीमीटर. लांबी-रुंदी एखाद्या पुस्तकाएवढी आणि जाडी मात्र विटेला लाजवेल अशी. लिटर तेवढेच असतात हो, पण 30 बाय 20 बाय 10 चे 6 लिटर आणि 25 बाय 15 बाय 16 चे 6 लिटर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली काखेखाली सपाट पडते, शर्टाच्या खाली गेली तर दिसतही नाही. दुसरी कमरेपासून बाहेर येते आणि चालताना प्रत्येक पावलाला मांडीवर आपटते.

आता ती बस.

बंदरावरून वरच्या गावात जायला संध्याकाळची एकच बस होती, बसायला जागा नाही, आम्ही दोघं भाऊ उभे, पाठीवरच्या मोठ्या सॅक ड्रायव्हरच्या मागे टाकलेल्या आणि माझ्या कमरेला ही वीट. वळणावळणाचा रस्ता, प्रत्येक वळणाला बॅग झुलून सीटवर बसलेल्या माणसाच्या खांद्याला लागायची, तो वर बघायचा, मी सॉरी म्हणायचो, पुढच्या वळणाला परत तेच. एका आजींच्या तर थेट चष्म्यापाशी गेली. धाकटा मागून सारखं "दादा, पुढे घे ना ती" करत होता, पण पुढे घेतली की पोटावर एवढा डोंगर की वरचा दांडा धरायला हात पोचेना. पट्टा आखूड करायला गेलो तर बकल पाठीमागे, एका हाताने ते आवळलंच जात नाही. शेवटी अख्खा रस्ता बॅग एका हाताने दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने लोंबकळत आलो. जीव मेटाकुटीला आला. त्या एका प्रवासात कमीत कमी तीस माणसांना नीट कळलं की या माणसाच्या कमरेला काहीतरी महागाचं आहे आणि तो ते जपतोय. कसलं आलंय डिस्क्रीट.

आणि हे कळायला कॅमेरा बाहेर काढावाही लागला नाही. काढला तेव्हा तर कहरच झाला. बस घाटमाथ्यावर थांबली, खाली ढगांच्या वर ऊन पडलेलं, मी झाकण उघडलं आणि फर्रर्र. वेल्क्रो. सगळी बस वळून बघायला लागली, शेजारच्याने लगेच केवढ्याचा आहे विचारलं. वेल्क्रो घट्ट असलं की लोकांना ते मजबुतीचं लक्षण वाटतं, पण ज्याला शांतपणे फोटो काढायचेत त्याच्यासाठी यापेक्षा वाईट गोष्ट नाही. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, झोपलेल्या डब्यात, कुठेच ते उघडता येत नाही. थिंक टँक कंपनीच्या रेट्रोस्पेक्टिव्ह बॅगांमध्ये वेल्क्रोवर एक पट्टी पाडून ते बंद करता येतं, म्हणजे ही अडचण बनवणाऱ्यांना माहीत आहे, तरी इतर ढीगभर बॅगांमध्ये ती सोय नसते. तुमच्या बॅगेत नसेल तर वेल्क्रोच्या टोचऱ्या भागावर त्याच मापाची मऊ पट्टी चिकटवून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

मॅग्नेटचं बकल शांत असतं आणि एका हाताने उघडतं, मला आवडतं. मॅग्नेटने मेमरी कार्ड उडतं ही भीती काढून टाका, एसडी कार्डात फ्लॅश मेमरी असते, तिला बकलच्या मॅग्नेटने काही होत नाही. पण हॉटेलच्या खोलीचं काळ्या पट्टीचं की-कार्ड त्या झाकणाच्या खिशात ठेवू नका, ते पुसलं जाऊ शकतं. माझं गेलं, आणि रात्री उशिरा सामानासकट पुन्हा खाली रिसेप्शनला जावं लागलं.

पावसाचं सांगतो. बसमधून उतरून मुक्कामापर्यंत अर्ध्या-पाऊण तासाची चढण, आणि पाऊस. चढण काही विशेष नव्हती, पाऊसही मुसळधार नव्हता. कापड वॉटर-रेझिस्टंट होतं आणि कापडातून खरंच पाणी आलं नाही, ते आलं शिलाईतून. पट्टा जिथे बॅगेला शिवलेला असतो तिथे सुईची भोकं असतात, पट्टा स्वतः पाणी पितो आणि वातीसारखं आत सोडतो. खोलीवर जाऊन पार्टिशन (आतले कप्पे पाडणारी पॅडची पट्टी) बाहेर काढलं, दोन बोटांत दाबलं तर स्पंजातून पाणी गळलं. हा मुद्दा नीट लक्षात घ्या: आत फोम कुठला आहे ते बघा. क्लोज्ड सेल फोम पाणी पीत नाही, पुसला की झालं. ओपन सेल म्हणजे भांडी घासायचा स्पंजच, एकदा भिजला की दमट हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि तोवर तुमची लेन्स त्या ओलाव्यात कोंडलेली राहते. मला दुसऱ्या दिवशी सकाळी 23 एमएम लेन्सच्या पुढच्या काचेवर वाफ दिसली, पोटात गोळाच आला. सुदैवाने बाहेरच्या बाजूला होती. दुकानात ओळखायची पद्धत सोपी आहे, पार्टिशन चिमटीत दाबा, लगेच चपटं झालं आणि हळूहळू फुगलं तर नको, रबरासारखं उलटं ढकललं तर चालेल.

रेन कव्हर वापरलं असतं असं कुणी म्हणेल. ते बॅगेसोबत आलंच नव्हतं, वेगळं विकत घ्यायचं असतं! खांद्याचं पॅड वेगळं. तिसरं पार्टिशन वेगळं. कमरेचा पट्टा, जो लावल्याशिवाय ही बॅग झुलायची थांबत नाही, तोही वेगळा, आणि जाहिरातीतल्या प्रत्येक फोटोत मात्र हे सगळं लावलेलं. याला माझ्या भाषेत पैसे उकळणं म्हणतात. बॅगेची किंमत बघताना आधी 'सोबत काय येतं' ती ओळ वाचा, बाकीचं नंतर. आणि रेन कव्हर बहुतेक भडक रंगाचं असतं, म्हणजे ते घातलं की लपवाछपवी संपलीच. त्यापेक्षा कॅमेरा बॅगेच्या आतच साध्या पातळ ड्राय बॅगमध्ये (पाणी आत न सोडणाऱ्या पिशवीत) ठेवा, बॅग भिजू दे.

त्यानंतरचे किनाऱ्यावरचे दिवस छान गेले, ऊन होतं, बॅगेला काही झालं नाही, लिहिण्यासारखं काही नाही.

खरा फरक पडला तो मी ती बॅग सॅकमध्ये घडी करून टाकली तेव्हा. तिचे वाळलेले पार्टिशन काढले, एका साध्या, मळखाऊ रंगाच्या कापडी खांद्याच्या पिशवीत घातले, मधे कॅमेरा लेन्सवर उभा, शेजारी दुसरी लेन्स, वर एक मफलर. बस. जाडी 12 च्या आत, आवाज शून्य. जुन्या शहराच्या बाजारात गर्दीतून संध्याकाळभर फिरलो, पिशवीत हात घालायचा, फोटो काढायचा, परत आत, कुणी वळून बघितलं नाही. प्रवासातले सगळ्यात चांगले फोटो त्या संध्याकाळचे आहेत आणि मी तर म्हणेन की तुमच्याकडे छोटी मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा, माझ्या एक्स-टी5 सारखा) असेल तर 'कॅमेरा बॅग' म्हणून विकली जाणारी वस्तू घेऊच नका, पॅड असलेला इन्सर्ट, म्हणजे कुठल्याही पिशवीत बसणारा आतला कप्पा, घ्या (टेन्बा कंपनीचे बीवायओबी याच कामाचे आहेत) आणि तुमची रोजची पिशवी.

ही काही नवी युक्ती नाही. डोमके ही बॅग ज्याने बनवली तो वृत्तपत्राचा फोटोग्राफर होता, आणि त्या कॅनव्हासच्या बॅगेला पॅडिंग जवळपास नाहीच, म्हणून ती अंगाच्या आकाराने वळते. बिलिंगहॅम ही बॅगांची कंपनी, ते 1973 मध्ये मासेमारीच्या बॅगा करायचे, फोटोग्राफर त्या घेतात हे नंतर त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे चांगल्या बॅगा फोटोग्राफरकडून आणि मासेमारीकडून अशा दोन्ही बाजूंनी आल्यात, आणि दोन्हीत पॅडचा डोंगर नाही. पॅडिंग तळाला हवं, कारण बॅग ठेवताना आपटते ती तळावर. बाजूंना पातळ चालतं.

पट्टा किमान 4 सेंटीमीटर रुंद बघा. अडीचचा पट्टा दीड-दोन किलोला संध्याकाळपर्यंत खांद्यात रुततो, तिथे पॅड लावून फार काही होत नाही. रबरी पकडीचं पॅड तर नकोच, बॅग मागून पुढे फिरवताना शर्टच ओढला जातो. पट्टा आवळायचं बकल छातीवर येतं का तेही घालून बघा, हे मी बसमध्ये लोंबकळताना शिकलोय.

विमानात: काही कंपन्यांचे लोक अंगावरची छोटी बॅगही वेगळा नग म्हणून मोजतात आणि गेटवर पैसे मागतात, म्हणून छोटी बॅग मोठीच्या तोंडाशी पूर्ण आत जाईल अशीच घ्या. जादा बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या, चेक-इन सामानात चालत नाहीत. मर्यादा 100 वॉट-अवरची आहे आणि एक्स-टी5 ची बॅटरी 16 च्या आसपास, त्यामुळे काळजी नको, फक्त टोकं झाकलेली हवीत. गेटवर सॅक खाली पाठवायला लावली तर आधी बॅटऱ्या काढून घ्या. आणि एसीतून दमट हवेत बाहेर पडलात की लगेच चेन उघडू नका, अर्धा तास कॅमेरा आतच तापू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

ज्यांच्याकडे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) आणि 24-70 एफ/2.8 ही जाडजूड झूम लेन्स आहे त्यांना एकच सांगणं, लहान बॅगेचा नाद सोडा. सोनीची या मापाची दुसऱ्या पिढीची जीएम लेन्सच 695 ग्रॅम आहे आणि बॉडीवर लावलेली आडवी कुठल्याच सपाट बॅगेत जात नाही. एक तर सरळ छोटी पाठीवरची सॅक घ्या, नाहीतर झूम घरी ठेवून 40 एमएम एफ/2.5 सारखी 173 ग्रॅमची लेन्स न्या. दुकानात जाताना कॅमेरा लेन्स लावून सोबत न्या, आत घाला, पुढचा खिसाही भरा, मग बॅग बंद करून बाहेरून जाडी मोजा. 13 सेंटीमीटरच्या वर गेली तर परत ठेवा.