सेंदाईचा सामुराई आणि त्याची खोडलेली तलवार

जपानमधल्या सेंदाईला लोक दाते मासामुने या शहर वसवणाऱ्या सरदाराचा घोड्यावरचा पुतळा बघायला जातात, नाहीतर ग्युतान म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली गाईची जीभ खायला. मला ओढ होती हासेकुरा त्सुनेनागाच्या तैलचित्राची. टोकियोहून शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनने दीड तास, मग मेट्रो, आणि किल्ल्याच्या टेकडीखाली शहराचं संग्रहालय. मूळ चित्र कायम मांडलेलं नसतं. माझं नशीब, त्या दिवशी होतं.

हासेकुरा हा मासामुनेच्या पदरचा सामुराई. 1613 मध्ये निघून पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोला, तिथून स्पेन आणि 1615 मध्ये रोमला पोपच्या भेटीला गेला. वाटेत माद्रिदला बाप्तिस्माही घेतला. 1620 मध्ये परतला तेव्हा देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. चित्रात तो काळ्या युरोपीय कपड्यांत, क्रुसासमोर हात जोडून आहे. कॅनव्हास कधीतरी चक्क घडी घालून ठेवलेला, त्या घड्यांवरचा रंग उडालाय. चेहऱ्यापेक्षा त्या घड्याच मला जास्त बोलक्या वाटल्या.

पण खरा खिळवून ठेवणारा सामुराई भेटला तो संध्याकाळी, बाजारातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या छोट्याशा गॅलरीत. चित्र आजच्या काळातलं, तैलरंगातलंच. गुडघे मुडपून बसलेला माणूस. चेहरा आणि उजवा हात अगदी पूर्ण रंगवलेला, नखाखालची सावलीसुद्धा. खांद्यापासून खाली बाकी अंगावर मात्र तपकिरी रंगाचा पातळ थर फिरवलाय आणि त्यातून कोळशाचं कच्चं रेखाटन सरळ दिसतंय. किमोनोची बाही तर नुसत्या चार रेघा!

जवळ गेल्यावर कळलं, तलवारी दोन आहेत. एक त्याच्या डाव्या बाजूला, कोळशाची, अर्धवट पुसलेली. दुसरी उजवीकडे, म्यानासकट रंगवलेली. सामुराई बसताना तलवार डाव्या हाताशी ठेवतो तेव्हा ती क्षणात उपसता येते. उजवीकडे ठेवली की उपसणं अवघड, म्हणून पाहुणा म्हणून गेल्यावर ती उजवीकडे ठेवायची रीत. म्हणजे चित्रकाराने आधी सावध बसलेला योद्धा काढला आणि मग त्याचा पाहुणा केला! भुवया मात्र त्या पहिल्या माणसाच्याच राहिल्यात असं मला वाटलं. तलवार हलवली, कपाळावरची आठी हलवली नाही.

जुन्या चित्रांत शिशाचा पांढरा रंग काळानुसार पारदर्शक होत जातो आणि झाकलेले बदल आपोआप वर येतात. इथे तसं काही नव्हतं, मुद्दाम ठेवलं होतं. कोळशाची रेघ आधी फवारा मारून पक्की केली नाही तर ती तेलात मिसळून रंग मळकट करते. इथल्या रेघा स्वच्छ होत्या, अगदी पुसलेल्या तलवारीचीही. ती झाकायला ब्रशचे दोन फटकारे पुरले असते. ते न मारण्याला धाडस लागतं. सफाईदार, गुळगुळीत सामुराई तर सोव्हेनिअरच्या दुकानात पैशाला पासरी मिळतात.

गॅलरीतल्या बाईंना मी फोनवर भाषांतर करून विचारलं, "हे अर्धवट आहे का?" त्या हसल्या आणि कोपऱ्यातल्या सहीकडे बोट दाखवलं. सही केली म्हणजे संपलं! शेजारी किमतीचं कार्ड होतं. येनमधली शून्यं मोजली, त्यांना वाकून नमस्कार केला आणि खाली येऊन झुन्दा मोची म्हणजे वाटण लावलेले चिकट तांदळाचे मऊ गोळे खाल्ले. हिरव्या सोयाबीनचं ते गोड वाटण तेवढं माझ्या बजेटात बसणारं होतं.