पेंटच्या यादीत जेपीजी येईना

वडगावातल्या एका यंत्रमाग कारखान्यात अजून विंडोज ९८ चालतं म्हटलं की ऐकणारे हसतात. पण जकार्डची कार्डं, म्हणजे कुठले उभे धागे उचलायचे ते मागाला सांगणारी भोकांची कार्डं, पंच करणारं मशीन त्याच काळातलं, त्याचं सॉफ्टवेअरही त्याच काळातलं, आणि मागे पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या खाचेला) लावलेलं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली, दिसल्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडतच नाही. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नसतो. सगळंच बदलायचं तर मालकाच्या पोटात गोळा येतो, म्हणून जुनी पेटी जपायची. बेळगावात असल्या पेट्यांना हात लावणारे आता बोटावर मोजण्याइतके राहिलेत, त्यामुळे ही कामं फिरून फिरून माझ्याकडेच येतात.

फोन मालकांचा होता. "सर, पेंटमध्ये जेपीजी होईना झालंय ओ. इचलकरंजीचा व्यापारी जेपीजीच मागालाय. आधीचा माणूस म्हणतोय, फॉरमॅट मारायला लागतंय."

फॉरमॅट मारणं, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकणं, हे आमच्या धंद्यातलं रामबाण औषध. कळलं नाही की फॉरमॅट. डोंगलचा ड्रायव्हर आणि पंचिंगचं सॉफ्टवेअर परत कुठून आणणार, याचं उत्तर फॉरमॅट मारणाऱ्याकडे नसतं.

कारखान्यात डिझाईन करणारा पोरगा पेंटमध्येच, म्हणजे विंडोजबरोबर येणाऱ्या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्येच, काम करतो. पंचिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही चित्र काढता येतं, पण त्याचा हात पेंटवर बसलाय. हिशेब सरळ आहे: आडवा एक पिक्सेल म्हणजे जकार्डचा एक हुक (उभे धागे उचलणारा), उभा एक पिक्सेल म्हणजे एक पिक (आडव्या धाग्याची एक फेरी), आणि एका पिकला एक कार्ड. ४८० हुकांचं जकार्ड आणि १२०० पिकांचा पदर असेल तर अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये रुंदी ४८०, उंची १२०० टाकायची, झूम वाढवून ग्रिड लावायची आणि ठिपका ठिपका भरायचा. इथे रंग म्हणजे धाग्याचा रंग नव्हे. लाल म्हणजे एक वीण, निळा म्हणजे दुसरी. सॉफ्टवेअरला कुठल्या रंगाला कुठली वीण ते सांगितलं की ते कार्डाला भोकं पाडतं.

फाईल बाहेर न्यायची तर फ्लॉपी. विंडोज ९८ला पेनड्राइव्ह लावला की तो त्या त्या कंपनीचा ड्रायव्हर मागतो आणि आजच्या पेनड्राइव्हचे ते ड्रायव्हर मिळत नाहीत. वरच्या ऑफिसात विंडोज १०चं मशीन आणि यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह आहे, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर. अडचण अशी की स्क्रीन ट्रू कलरवर असली की पेंट नवं चित्र २४-बिट बिटमॅपमध्ये सेव्ह करतो, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. ४८० गुणिले १२०० गुणिले ३, वर हेडरचे ५४, म्हणजे १७,२८,०५४ बाइट. फ्लॉपीवर जागा १४,५७,६६४ बाइट. फाईल मावतच नाही. म्हणून पोरग्यालाही जेपीजी हवं होतं.

आधीच्या माणसानं काय करून ठेवलं होतं? सेव्ह करताना नावापुढे डॉट जेपीजी टाइप करायला शिकवलं होतं. यादीत प्रकार बिटमॅपच. अशानं आत बिटमॅप आणि बाहेर पाटी जेपीजीची अशी फाईल होते. आकारही एका बाइटनं कमी होत नाही. शिवाय काही प्रोग्रॅम आतला मजकूर बघून फाईल उघडतात, काही नावावर विश्वास ठेवतात, त्यामुळे व्यापाऱ्याच्या एका फोनवर चित्र दिसायचं आणि दुसऱ्यावर नाही. कोण खरं बोलतंय यावरून दोघांत वाद. असली फाईल ओळखायला काही विशेष लागत नाही. एखादं छोटं चित्र नोटपॅडमध्ये उघडायचं. सगळी गिचमिड दिसते, पण सुरुवातीची अक्षरं बोलतात: बिटमॅप असेल तर पहिली दोन अक्षरं बी आणि एम, जिफ असेल तर जीआयएफ, पीएनजी असेल तर दुसऱ्या अक्षरापासून पीएनजी, आणि खऱ्या जेपीजीत बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत जेएफआयएफ वाचता येतं. आम्ही उघडलेल्या फाईलीत बीएम होतं. पोरग्याला दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. बिचाऱ्यानं फ्लॉपीवर मावणारी कितीतरी डिझाईनं तशीच पाठवली होती.

आता मूळ रोग. विंडोज ९८च्या पेंटला स्वतःचं असं फक्त बिटमॅप येतं. जेपीजी, जिफ, पीएनजी हवं तर ग्राफिक्स फिल्टर, म्हणजे त्या प्रकारची फाईल वाचणारे-लिहिणारे जोडप्रोग्रॅम, लागतात, आणि ते बहुधा मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर येतात. विंडोज एक्सपीपासून पेंटला हे उसनं मागावं लागत नाही, म्हणून नव्या पोरांना ही भानगड माहीत नसते. फिल्टरच्या फाईली प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्स, त्यात मायक्रोसॉफ्ट शेअर्ड आणि त्यातल्या जीआरपीएचएफएलटी नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. शेवटी डॉट एफएलटी असतं.

त्या फोल्डरमध्ये फाईली होत्या! आधीच्या माणसानं कुठून तरी आणून टाकल्या होत्या. इथपर्यंत पोचला म्हणजे अगदीच अडाणी नव्हे. पण पेंट फोल्डर बघत नाही, रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगची वही, बघतो. एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, शेअर्ड टूल्स, ग्राफिक्स फिल्टर्स. त्याखाली इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट अशा दोन फांद्या. उघडायचं असेल तर इम्पोर्ट, सेव्ह करायचं असेल तर एक्स्पोर्ट. प्रत्येकात फॉरमॅटचं नाव, फिल्टरच्या फाईलीचा पत्ता आणि एक्स्टेन्शन. इथे दोन्ही फांद्या रिकाम्या.

सरळ मार्ग म्हणजे कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसचं सेटअप चालू करायचं, कन्व्हर्टर्स अँड फिल्टर्समध्ये जाऊन ग्राफिक्स फिल्टर्सला टिक करायची. मशीनवर बिलांसाठी ऑफिस ९७ होतंच, सीडीही कपाटात सापडली. पण तिच्यावर इतके ओरखडे की सेटअप अर्ध्यात येऊन मान टाकायचं. मग माझ्या दुकानातल्या जुन्या ९८वरून त्या दोन फांद्या एक्स्पोर्ट करून फ्लॉपीवर आणल्या.

इथे नव्या माणसाचा घात होतो. रजिस्ट्रीत फिल्टरचा पत्ता आखूड नावांनी लिहिलेला असतो: प्रोग्रा, मग तरंगरेघ आणि १; मायक्रोस, मग तरंगरेघ आणि १. हा आकडा फोल्डर कुठल्या क्रमानं तयार झाली त्यावर ठरतो. माझ्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट शेअर्डला १ मिळाला होता, तर कारखान्याच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टनं सुरू होणारं दुसरं फोल्डर आधी झालेलं, त्यामुळे तिथे २. तशीच फाईल मर्ज केली, म्हणजे रजिस्ट्रीत घातली असती, तर पेंटला पत्त्यावर कोणी सापडलं नसतं. डॉसच्या खिडकीत डीआयआर मारलं की डाव्या बाजूला आखूड नावं दिसतात. ती बघून नोटपॅडमध्ये डॉट रेग फाईल दुरुस्त करायची. उलट्या तिरक्या रेघा तिथे दुहेरी लागतात, हेही लक्षात ठेवायचं. मर्ज केलं, पेंट बंद करून परत उघडला, सेव्ह अ‍ॅज. यादीत बिटमॅपच्या खाली जेपीईजी, जिफ, पीएनजी सगळे आले. मालकांनी चहा मागवला.

काम तिथे संपायला हवं होतं. पण त्या पोरग्यानं पदराचं डिझाईन जेपीजीत सेव्ह केलं, मी ते परत उघडायला लावलं आणि आठपट झूम केलं. पांढऱ्या जमिनीवर लाल बुट्टा होता. आता त्याच्या कडेनं गुलाबी, मळकट पांढरा, तपकिरी असे ठिपके. जेपीजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि डोळ्याला जाणवणार नाही असं बारीक सारीक टाकून देतो. लग्नाच्या फोटोला हे चालतं. इथे प्रत्येक ठिपका म्हणजे कार्डावरचं एक भोक. पोरग्यानं रंग ओतायचा डबा घेऊन बुट्ट्यात क्लिक केलं, तर मधलं भरलं आणि कड तशीच राहिली, कारण पेंटचा डबा अगदी तोच रंग असलेले पिक्सेलच भरतो. पंचिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाईल घातली असती तर मोजक्या रंगांऐवजी शेकडो रंग दिसले असते आणि त्यानं प्रत्येकाला वीण विचारली असती. हाती साफ करताना एक ठिपका राहिला तरी पदरावर त्या जागी धागा तरंगतो.

फ्लॉपीचा प्रश्न खरं तर जेपीजीशिवाय सुटत होता. पेंटच्या पॅलेटमध्ये २८ रंग असतात. डावीकडचे आठ रकाने, वरखाली मिळून १६ रंग, हेच १६-कलर बिटमॅपचे रंग. डिझाईन फक्त त्यांच्यातच काढलं तर १६-कलर बिटमॅपमध्ये सेव्ह करताना एकही ठिपका बदलत नाही. रंग कमी होतील असा इशारा पेंट देतो, त्याला खुशाल हो म्हणायचं. तीच ४८० बाय १२००ची फाईल २,८८,११८ बाइटची होते. एका फ्लॉपीत पाच मावतात. उजवीकडचा एखादा रंग वापरला असेल तर मात्र तो जवळच्या दुसऱ्या रंगात मिसळतो आणि दोन विणींची एक वीण होते, ते पहिल्यांदा तपासायचं. व्यापाऱ्याला पाठवायला पीएनजी: ठिपका न ठिपका शाबूत, आकार त्याहूनही लहान, कुठल्याही फोनवर उघडतं. पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच त्याचं जेपीजी करतं.

हे सगळं पोरग्याला समजलं, लगेच समजलं. मालकांना समजवताना माझी दमछाक झाली. "सर, तुम्ही जेपीजी आणून दिलासा की. आता वापरू नको म्हणता?" त्यांचंही बरोबरच होतं. ज्या कामाचे पैसे मोजले ते काम झालं होतं आणि ज्यानं केलं तोच त्याला नावं ठेवत होता.

पुढे पोरग्याचा फोन आला. व्यापाऱ्याला पीएनजी पाठवलं, त्याच्या फोनवर उघडलंही, तरी तो म्हणतो जेपीजीच पाठवा, आमच्या ग्रुपवर सगळे जेपीजीच टाकतात. मी सांगितलं, दोन्ही पाठव, जेपीजीच्या नावातच "फक्त बघायला" असं लिही, आणि व्यापाऱ्यानं काही बदलून परत पाठवलं तर ती फाईल मशीनवर घेऊ नको. बदल बघून आपल्या मूळ बिटमॅपमध्ये हातानं कर. तो हो म्हणाला. सीझनच्या घाईत किती पाळेल, देव जाणे.

एक्स्पोर्टच्या फांदीतलं जेपीईजी उडवायला एक मिनिट पुरतं. इम्पोर्ट ठेवायचं, म्हणजे आलेलं जेपीजी दिसेल आणि मशीनवर नवं जेपीजी होणारच नाही. तिकडून गेलो की हा विचार येतो. पण यादीतून जेपीजी गेलं की मालक आधीच्या माणसाला बोलावणार आणि तो फॉरमॅट मारणार.