सफर्न ते बेअर माउंटन: आधी बाहेर पडायच्या वाटा शोधा

न्यू जर्सीतली आपली धावणारी मंडळी भेटली की हा प्रश्न येतोच: "सफर्न ते बेअर माउंटन ट्रेल एका दिवसात पळायचा आहे. तयारीला किती महिने लागतील?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. तयारीच्या महिन्यांकडे शेवटी येईन, कारण त्याआधी आखणीबद्दल बोलायला हवं. रस्त्यावरच्या मॅरेथॉन सहज पुऱ्या करणारी माणसंही या डोंगरात अडकतात. बहुतेक वेळा त्यांचे पाय शाबूत असतात, पण वेळेचा अंदाज चुकलेला असतो आणि मध्येच बाहेर कुठून पडायचं ते ठाऊक नसतं.

हॅरिमन हे न्यूयॉर्क राज्यातलं आकाराने दुसऱ्या क्रमांकाचं स्टेट पार्क आणि बेअर माउंटनचं पार्क त्याला लागूनच. १९१० साली मेरी हॅरिमन यांनी १०,००० एकर जमीन आणि दहा लाख डॉलर दिले, तिथून त्याची सुरुवात झाली. अमेरिकेच्या पूर्व भागातून जाणाऱ्या अपालेचियन ट्रेल या लांबलचक पायवाटेचा अगदी पहिला टप्पा १९२३ मध्ये इथेच खुला झाला. आज आत २०० मैलांच्या वर पायवाटा आहेत. त्यातली पिवळ्या खुणांची आपली ही वाट सफर्न गावातून निघते आणि २३ मैलांहून थोडी जास्त चालून बेअर माउंटनच्या पायथ्याशी उतरते.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथली उंची ऐकून काहीच वाटत नाही. बेअर माउंटनचा माथा १,३०० फुटांच्या आत आहे, म्हणजे पुणे शहराहूनही खाली. पण सिंहगडासारखा एक सलग चढ आणि मग माथा, असं इथे नसतं. दोन-तीनशे फूट चढायचं, कातळावरून थोडं पळायचं, लगेच घळीत उतरायचं, ओहोळ ओलांडायचा की पुन्हा चढ. दिवसभर हेच चालतं. पायांना एक लय सापडतच नाही. त्यात दगड सुटे, आणि शरद ऋतूत ओकची पानं पडली की तेही दिसेनासे होतात. सपाटीवर दहा मिनिटांत मैल काढणाऱ्यांनी इथे वीस मिनिटं धरावीत, आणि काही मैलांना तीसही.

म्हणून मी आखणी मैलांत करत नाही, तासांत करते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगर चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा सांगितला होता: दर ३ मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाला वर एक तास. चढाची बेरीज ५,००० फूट धरली तर आपल्या वाटेला सव्वादहा तास होतात. तुम्ही पळणार आहात, तेव्हा यापेक्षा लवकर पोचालही. पण पहिल्या खेपेला मी कुणालाही हाच आकडा धरायला सांगते आणि लवकर पोचलात तर त्याला बोनस म्हणते. आता हा आकडा सूर्याशेजारी ठेवून बघा. ऑक्टोबरच्या मध्यावर सात वाजून गेल्यावर उजाडतं आणि सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे हातात तासाभराहूनही कमी उरतो. पानांचे रंग बघायला सगळ्यांना ऑक्टोबरच हवा असतो, पण पहिली मोठी धाव मी मेमध्ये किंवा सप्टेंबरच्या अखेरीस ठरवते. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात या वाटेवर पळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यानंतर नकाशा. कागदाचा. फोनला आत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. नकाशावर वाट आणि गाडीचा रस्ता जिथे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे मी लाल वर्तुळ करते. ही वर्तुळं म्हणजेच माझी योजना; बाकी सगळं त्यांच्याभोवती बसतं. सफर्नहून निघाल्यावर पहिल्या टप्प्यात मन बदललं, पाय मुरगळला, तर पाइन मेडोच्या वाटेने रीव्ह्ज मेडोच्या माहिती केंद्राकडे उतरता येतं. तिथे सेव्हन लेक्स ड्राइव्ह हा गाडीचा रस्ता लागतो. निम्मं अंतर झाल्यावर, जॅकी जोन्स डोंगराच्या टेहळणी मनोऱ्यावरून उतरलं की रूट १०६ येतो. हे सगळ्यात महत्त्वाचं वर्तुळ. घरचं कुणी किंवा मित्र गाडी घेऊन इथे थांबू शकतो, पाणी देऊ शकतो आणि गरज पडली तर तुम्हाला घरीही नेऊ शकतो. पुढे पॅलिसेड्स पार्कवे ओलांडावा लागतो, पण तो भरधाव गाड्यांचा महामार्ग आहे. तिथे गाडी थांबवून कुणाला घेता येईल हे डोक्यातून काढून टाका आणि तो ओलांडताना अक्षरशः जिवाची काळजी घ्या.

आणि या वाटेची खरी परीक्षा तर १०६ नंतरच असते. पिंगिप आणि वेस्ट माउंटन हे दोन्ही खडे चढ शेवटच्या टप्प्यात येतात. त्यामुळे सकाळी सातला निघणाऱ्याने १०६ वर साडेबाराची वेळ लिहून ठेवावी. तोवर पोचलो नाही तर गाडीत बसायचं. हा निर्णय आदल्या रात्री घ्यायचा आणि गाडीवाल्यालाही सांगून ठेवायचा. दमलेलं डोकं "अजून थोडं" म्हणतं, त्याच्याशी तिथे उभं राहून वाद घालायला लागू नये.

गाडीची सोय नसेल तर दिशा उलटी करा. सफर्नला ट्रेन आहे, होबोकनला जाणारी. जिथून घरी परतता येतं त्या टोकाला धाव संपवावी. उलट दिशेने अवघड डोंगर ताज्या पायांनी होतात, हाही फायदाच.

पाण्याचं सोपं आहे, पण सवलत नाही. डोंगराच्या धारेवर पाणी नसतं, आणि ऑगस्टनंतर ओहोळ आटलेले असू शकतात. दोन लिटर पाठीवर आणि सोबत छोटा फिल्टर घ्या. तळ्याचं पाणी न गाळता पिऊ नका. खाण्यात मी दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाकते: मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर, शेंगदाण्याची चिक्की. धावपटूंचे गोड एनर्जी जेल चालतात, पण पाच-सहा तासांनी गोडाचा कंटाळा येतो आणि तेव्हा बटाट्याइतकं काहीच गोड लागत नाही.

गोचिडींना हलकं घेऊ नका. इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो आणि मे-जूनमध्ये त्यांची पिल्लं खसखशीएवढी असतात. बुटांना आणि कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक लावून ठेवा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासा. गोचीड २४ तासांच्या आत काढली तर धोका खूप कमी होतो.

निघण्यापूर्वी पार्कच्या सूचना वाचा. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीने इथल्या वाटा आणि पूल वाहून गेले होते, आणि कितीतरी ठिकाणी स्वयंसेवकांनी हाताने दगड रचून पायऱ्या पुन्हा उभ्या केल्या. झाडावरची प्रत्येक पिवळी खूण कुणीतरी सुट्टीच्या दिवशी डबा-ब्रश घेऊन रंगवलेली असते. दोन खुणा एकाखाली एक दिसल्या तर वळण आहे, वरची खूण ज्या बाजूला सरकलेली असेल त्या बाजूला. तीन खुणा म्हणजे वाटेचं टोक.

आता तयारीचे महिने. अर्धमॅरेथॉन आरामात पळत असाल तर चार महिने धरा, आणि त्यातली दर दुसऱ्या आठवड्याची लांब धाव हॅरिमनमध्येच करा. सुरुवात रीव्ह्ज मेडोहून करा. तिथून निघून तिथेच संपणाऱ्या गोल वाटा भरपूर आहेत आणि केव्हाही मागे फिरता येतं. चढ चालतच चढा, त्यात काही कमीपणा नाही. सराव उताराचा करा, कारण मांड्या उतारावर जातात आणि त्या गेल्या की वेस्ट माउंटनवरून खाली यायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एका धावेत सलग सहा तास दगडांवर काढता आले की मला सांगा. नकाशा घेऊन बसू आणि तुमची १०६ ची वेळ काढू.