गिझरचा नॉब आणि आईचा पाय

मागच्या डिसेंबरात आई साताऱ्याहून आमच्याकडे पुण्याला राहायला आली. चार-पाच दिवसांनी तिच्या पायांना तेल लावत होते, तर डाव्या पावलावर रुपयाएवढा फोड. "चप्पल लागली असेल," म्हणाली. चप्पल त्या जागी लागतच नाही. खोदून विचारल्यावर कळलं, अंघोळीआधी ती बादलीत पाय सोडून बसते, गुडघ्यांना बरं वाटतं म्हणून.

"पोळलं नाही तुला?"

"छे गं, कोमटच होतं."

दुसऱ्या दिवशी तिने काढलेल्या त्या 'कोमट' पाण्यात मी हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आईला वीस वर्षांहून जास्त मधुमेह आहे. पायांच्या नसा बधिर होत जातात हे डॉक्टरांनी सांगितलेलं, पण आम्ही ते खडे, काटे आणि चपलांपुरतंच धरून बसलो होतो. पाण्याचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फोड आम्ही फोडला नाही, सरळ डॉक्टरांना दाखवला. बरा व्हायला अडीच आठवडे लागले. मी मात्र गिझरच्या मागे लागले.

आई वापरते त्या बाथरूमचा गिझर १५ लिटरचा, २ किलोवॅटचा. खाली काळा नॉब, त्याच्याभोवती जाड होत जाणारी लाल रेघ. आकडा एकही नाही. नॉब पार टोकाला होता. बसवणाऱ्याने तसा सोडला आणि सहा वर्षांत आम्ही त्याला बोटही लावलं नाही.

पाणी किती कढत आहे ते मोजायचं कशाने? लेकीने उत्साहाने तापाचा थर्मामीटर आणून दिला. तो ४२ च्या पुढे जातच नाही. शेवटी पाक बघायचा सळईवाला डिजिटल थर्मामीटर स्वयंपाकघरातून उचलला. गिझरचा दिवा जाईपर्यंत थांबले, गरम नळ सोडून पाइपातलं गार पाणी जाऊ दिलं आणि तांब्यात धार धरून सळई बुडवली. आकडा चढत चढत ६८ वर थांबला.

६० अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत कातडी खोल भाजते. ५० च्या आसपास त्यालाच काही मिनिटं लागतात, म्हणजे पाय मागे घ्यायला वेळ मिळतो. पण आई तर मिनिटं-मिनिटं पाय बुडवून बसणारी, आणि मागे घ्यावासा वाटायला चटका तरी जाणवायला हवा! त्यामुळे पाय शेकणं त्या दिवसापासून बंद. त्यावरून दोन दिवस अबोला होता.

नॉब मधोमध आणला, पुन्हा मोजलं, ६७. ठरलेल्या तापमानाला गिझर बंद करणारा थर्मोस्टॅट गेला म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो हसला. "ताई, टाकीतलं पाणी आधीच तापलेलं आहे. नॉब खाली केला म्हणून ते गार कसं होईल?" इतकी साधी गोष्ट. टाकीतलं गरम पाणी काढून नवीन भरलं, तापवलं, मोजलं, ५७. आणखी थोडं खाली, ५३. तिसऱ्या खेपेला ५०. सगळी दुपार गेली, पण त्या गरम पाण्यात घरातल्या चादरी निघाल्या.

तो आलाच होता म्हणून खालचं झाकण उघडून आतली जोडणीही बघायला सांगितली. बटण बंद असूनही टेस्टर पेटला! फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडलेले, म्हणजे बटणाने न्यूट्रल तुटत होता आणि आत फेज तसाच. मग एमसीबी, म्हणजे मीटरपाशी वीज तोडणारा खटका, पाडूनच पुढचं काम केलं. मी स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणार होते, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

खरी कुरबुर पुढे सुरू झाली. डिसेंबरात सकाळी नळाला येणारं गार पाणी १९ अंश. अंघोळीला ४० चं पाणी धरलं, तर ६८ वर १५ लिटरमध्ये गार पाण्याचं विसण घालून पस्तीस लिटर व्हायचं. ५० वर जेमतेम बावीस, म्हणजे एक बादली आणि वर दोन तांबे. दुसऱ्याने पंधरा-सोळा मिनिटं थांबायचं. नवऱ्याला ऑफिसची घाई, त्याने दोनदा गुपचूप नॉब वर केला. पकडला गेला.

शिवाय ५० हाही काही शेवटचा शब्द नाही. अमेरिकेतली ग्राहक-सुरक्षेची सरकारी संस्था ४९ वर ठेवा म्हणते, तर जागतिक आरोग्य संघटना पाणी ६० वर साठवा म्हणते, कारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे, फुप्फुसांचा आजार करणारे जिवाणू वाढतात. दोघांचंही पटतं. म्हणून आमच्या बाथरूमचा गिझर ६० वर. आईच्या बाथरूमचा रोज ५० वर, आणि रविवारी सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर ६० च्या वर नेऊन ते पाणी कपड्यांना काढते. मग परत खाली. नॉबवर ५० च्या जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, चष्म्याशिवाय दिसेल असा.

पण ठिपक्यापेक्षा जास्त भिस्त विसणावर आहे. आजोळी बंबातलं पाणी घंगाळात घेताना आजी आधी गार ओतायची, मग कढत. आम्ही पोरं घंगाळाभोवती घुटमळायचो, म्हणून. नळ आले आणि तो क्रम सुटला. आता आईने आधी गार सोडायचं, वर गरम, हाताने ढवळायचं आणि कोपर बुडवून बघायचं. पाय घालून नाही.

पहिले काही दिवस मी दाराशी उभी राहून विचारायचे. आता विचारायच्या आधीच आतून ओरडते, "गारच सोडलंय गं आधी, जा तू!"