कवितासंग्रहाचं पहिलं मुद्रण कसं ओळखायचं

मराठीत ‘आवृत्ती’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. मजकुरात काडीचाही बदल न करता पुस्तक पुन्हा छापलं, तरी ती ‘दुसरी आवृत्ती’. इंग्रजी कवितासंग्रह जमवणाऱ्याला मात्र पहिल्या आवृत्तीचं पहिलं मुद्रण हवं असतं, आणि विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था ते दरवेळी छापून सांगतातच असं नाही.

येल युनिव्हर्सिटी प्रेसची तरुण कवींची मालिका १९१९ पासून चालू आहे. एड्रिएन रिच (१९५१) आणि जॉन अ‍ॅशबेरी (१९५६) या अमेरिकन कवींचे पहिले संग्रह तिच्यातलेच. येलच्या जुन्या पुस्तकांत ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द सहसा नसतात. पुढचं मुद्रण झालं की मात्र तशी ओळ येते. म्हणजे कॉपीराइटच्या पानावर (शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला) काय नाही, ते बघायचं. इथेच फसगत होते. या मालिकेतले जुने संग्रह १९७१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एएमएस प्रेसने जसेच्या तसे पुन्हा छापले. आतली पानं जुनीच दिसतात, म्हणून शीर्षकपानावरचं प्रकाशकाचं नाव आधी वाचा.

अलीकडच्या पुस्तकांत आकड्यांची ओळ असते: १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १. पुनर्मुद्रणाच्या वेळी नवा मजकूर जुळवण्यापेक्षा एक आकडा खोडणं सोपं, म्हणून ही पद्धत. ओळ उलटी असो की विषम-सम अशी दोन्हीकडे विभागलेली, उरलेला सर्वांत लहान आकडा म्हणजे मुद्रणाचा क्रमांक. १ दिसला तर पहिलं. शिकागो युनिव्हर्सिटी प्रेसच्या ओळीत वर्षांचे शेवटचे दोन आकडेही असतात. ते मुद्रणक्रमांक समजून गोंधळू नका.

जॅकेट, म्हणजे पुस्तकावरचं सुटं कागदी वेष्टन, तेही तपासा. ए. के. रामानुजन यांचा ‘द स्ट्रायडर्स’ ऑक्सफर्डने १९६६ मध्ये काढला. ब्रिटनमध्ये दशमान चलन आलं १५ फेब्रुवारी १९७१ ला, त्यामुळे मूळ जॅकेटवरची छापील किंमत शिलिंगमध्येच असणार. ब्रिटिश जॅकेटवर ती बहुधा पुढच्या फ्लॅपच्या (आत दुमडलेल्या भागाच्या) खालच्या कोपऱ्यात असते. पुस्तक भेट देताना तो कोपरा कापायची पद्धत होती. कोपरा गेला की हा पुरावाही गेला. नव्या किमतीचं स्टिकर असेल तर घाबरू नका, शिल्लक प्रतींवर ती चिकटवली जात. मात्र १३ आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) छापलेला असेल, तर १९७६ च्या दिल्ली ऑक्सफर्डच्या पुस्तकाची, उदाहरणार्थ निसीम इझिकेल यांच्या ‘हिम्स इन डार्कनेस’ची, ती प्रत मूळ नव्हे. १३ आकडे २००७ पासून आले.

सर्वांत फसवी प्रत म्हणजे मागणीनुसार छापलेली. कॉपीराइटचं पान जुन्या पानाचं स्कॅन, त्यामुळे ते अगदी अस्सल वाटतं. अशा वेळी पुस्तक उघडून कण्याच्या वरच्या टोकाकडे बघा. शिवलेल्या बांधणीत फॉर्मच्या (एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) घड्या वेगवेगळ्या मोजता येतात आणि फॉर्मच्या मध्यावर दोरा दिसतो; इथे सगळी पानं सुटी कापून सरसाने चिकटवलेली असतात. अर्थात जुनी पेपरबॅकही चिकटवलेली असू शकते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. शेवटचं पान उलटा. तिथे बारकोड आणि छपाईचं ठिकाण किंवा तारीख असेल तर शंका संपली.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून शीर्षकपान, त्यामागचं पान, पुढचा फ्लॅप आणि शेवटचं पान, असे चार फोटो मागवा. ‘१९५६ ची प्रत’ एवढ्या वर्णनावर पैसे पाठवू नका.