तुझ्या बाईनं काम केलेलं दिसत नाही

काल रात्रीपासून आईचं हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये. व्हर्मीर या डच चित्रकाराच्या त्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राची कॉपी संपली म्हणून मी मोठ्या हौसेने तिला खोलीत बोलावलं, तिने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, छान झालंय गं, पण तुझ्या बाईनं काम केलेलं दिसत नाही. आणि कणीक मळायची राहिलीय म्हणून गेली.

चार महिने ऑफिसवरून येऊन रात्री अकरापर्यंत उभी राहिलेय मी त्या कॅनव्हाससमोर. मूळ चित्राच्याच मापाचा घेतला, ४५.५ बाय ४१ सेंटिमीटर. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवरून मोठ्यातली मोठी इमेज घेऊन प्रिंट काढली, पावावरचे पांढरे ठिपके एकेक करून दिले, भिंतीतला खिळा, त्याची सावली, खिळे उपटल्यावर राहिलेली भोकंसुद्धा, खाली डेल्फ्ट गावच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स, ती पाय शेकायची पेटी. निळ्या एप्रनने तर रडवलं, व्हर्मीरकडे लाजवर्द दगड दळून केलेला निळा होता आणि माझ्याकडे ट्यूबमधला. एवढं सगळं करून माझ्याच आईला... जाऊ दे.

झोप येईना म्हणून दोन वाजता उठले, दिवा लावला, प्रिंट शेजारी धरली. काम केलेलं दिसत नाही म्हणजे नक्की काय दिसत नाही? चेहरा ठीक, खांदे ठीक, दुधाची धार तर मला अजूनही आवडते. मग हात बघितले. मूळ चित्रात तिने बाह्या वर सारल्यात, आणि एरवी बाहीखाली झाकलेला हात गोरा आहे, मनगटापासून पुढे मात्र लालसर, रापलेला. १६६० च्या आसपासची डच मोलकरीण, घासून धुवून उन्हापाण्यात झालेले हात. माझ्या चित्रात कोपरापासून बोटांपर्यंत एकच मऊ गुलाबी रंग.

आणि खरं सांगायचं तर तो फरक मला दिसला होता. पहिल्याच आठवड्यात दिसला होता. प्रिंटमध्ये लाल जास्त उतरलाय असं वाटून मी तो सुधारला. मी सुधारला!

हेच सारखं मनात येतंय. ठिपके मोजत बसले आणि बाईचे हात धुऊन टाकले.

सकाळी आई भांडी घासत होती, बांगड्या वर सरकवलेल्या, जिथे त्या रोज असतात तिथे फिकट पट्टा आणि खाली हात पार काळवंडलेला. इतकी वर्षं हा हात बघतेय मी.

चिडचिड गेली एकदम. तिने बरोबर तेच बघितलं जे तिला माहितीये. मनगटावरचा रंग अजून ओलसर होता, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढला, आता तिथे नुसता डाग आहे. आईला म्हटलं जरा खिडकीपाशी बसतेस का, हात बघायचाय, तर म्हणाली भाजी टाकलीय गं गॅसवर, दुपारी बसते.